फळ्यापुढे निर्धास्त, पडद्यापुढे अवघडलेले: भाषाशिक्षक आणि वर्गातलं तंत्रज्ञान

'मला ते कॉम्प्युटरचं काही जमत नाही हो' हे वाक्य मुंबईतल्या कुठल्याही शिक्षक-खोलीत ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. असं म्हणणाऱ्या बाई फोनवरून वीजबिल भरतात, लोकलचं तिकीट काढतात, शाळेच्या चार-चार व्हॉट्सॲप गटांवर सूचना टाकतात. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या तेव्हा याच बाईंनी घरातून महिनोन्महिने ऑनलाइन तास घेतले. तरीही वर्गात प्रोजेक्टर लावायची वेळ आली की 'आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू' होतं. असं का होतं, याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर मानसशास्त्राकडे आहे.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली स्वक्षमतेवरच्या विश्वासाची कल्पना मांडली. 'हे काम मी पार पाडू शकेन' असं माणसाला कितपत वाटतं, त्यावर तो ते काम हातात घेतो का आणि अडचण आल्यावर किती वेळ टिकतो, हे ठरतं. त्यातला महत्त्वाचा भाग सहसा सुटून जातो: हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. चौघांचा स्वयंपाक रोज करणाऱ्याला लग्नाच्या पंगतीचा अंदाज येईलच असं नाही. घरी खुर्चीवर बसून, आवाज बंद केलेल्या मुलांपुढे मोबाइल धरणं हे एक काम. साठ मुलांच्या वर्गात, पाठ वळवून केबल शोधत असताना वर्ग हातात ठेवणं हे सर्वस्वी दुसरं. पहिल्याचा सराव दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

म्हणून 'तुम्हाला तंत्रज्ञान येतं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. बांडुरांनी सुचवलेली पद्धत अशी की नेमकं काम लिहायचं आणि त्यापुढे ० ते १०० मध्ये खात्री लिहायला सांगायची. याच पद्धतीनं पाहिलं तर तरुण शिक्षक तंत्रज्ञानात पक्के आणि ज्येष्ठ शिक्षक कच्चे, हा समजही डळमळतो. नव्यानं लागलेल्या सरांची बोटं स्क्रीनवर झरझर चालतात, पण गोंधळ सुरू झाला की त्यांचा तास हातून जातो. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना बटण सापडायला वेळ लागतो, पण तेवढ्या वेळात वर्ग कसा गुंतवून ठेवायचा हे त्यांना ठाऊक असतं. आमच्या मते या बाईंना तंत्रज्ञान शिकवणं जास्त सोपं.

भाषाशिक्षकाची भीती वेगळी

गणिताच्या सरांच्या स्लाइडवर 'त्रिज्या'ची 'त्रीज्या' झाली तर वर्ग फार मनावर घेत नाही. मराठीच्या बाईंच्या स्लाइडवर 'सह्याद्रीच्या दऱ्या'ऐवजी 'सह्याद्रीच्या दर्या' उमटलं तर तिसऱ्या बाकावरून लगेच आवाज येतो. भाषाशिक्षकाचा वर्गातला अधिकार शुद्धतेवर उभा असतो, आणि कॉम्प्युटर नेमकी तीच त्याच्याकडून काढून घेतो. खडूनं लिहिताना न होणाऱ्या चुका कळफलकावर होतात. बाहेरून हा यंत्राचा धाक वाटतो. खरं तर आपल्याच विषयात, आपल्याच मुलांपुढे चुकीचं दिसण्याचा तो धाक असतो. म्हणून भाषाशिक्षकाच्या आत्मविश्वासाची सुरुवात प्रोजेक्टरपासून न करता देवनागरीपासून करावी.

सर्वांत जुना घोळ फाँटचा. कित्येक शाळांत जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणं युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्या फाँटमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरंच साठवत असतो, त्यांच्यावर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे मजकूर कुठेही वाचता येतो. जुन्या फाइली रूपांतर करून घेता येतात, पण त्यानंतर मुद्रितशोधन करावंच लागतं, विशेषतः रफाराचं. जुन्या फाँटमध्ये 'र्क' लिहिताना रफार अक्षरानंतर टाइप होई. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमानं, म्हणजे आधी येतो. रूपांतरात नेमका इथे गोंधळ होतो.

ऱ्हस्व वेलांटीचंही तसंच. टाइपरायटरवर हात बसलेले शिक्षक 'कि' लिहिताना आधी वेलांटी दाबतात, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर आधी क, मग वेलांटी. क्रम उलटा झाला की वेलांटीखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ दिसलं की मशीन बिघडलं असं समजू नये. मात्रेला आधार द्यायला अक्षर नाही, एवढाच त्याचा अर्थ. मागे जाऊन खोडा आणि क्रम सुधारा.

'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतला र वेगळा आहे. इनस्क्रिप्टवर साधा र जे या कळीवर, आणि हा ऱ शिफ्ट धरून जे दाबल्यावर येतो. मग हलन्तासाठी, म्हणजे अक्षराचा पाय मोडायला, डी, य साठी तिरप्या रेघेची कळ, काना ई वर. ळ साठी शिफ्ट आणि एन. एवढ्या पाच-सहा कळा कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवल्या की मराठीच्या शिक्षकाचा निम्मा त्रास जातो. फोनवर मराठी कळफलक हिंदीपासून वेगळा जोडून घ्या. नाहीतर शब्द सुचवणारी यंत्रणा तुमच्या मराठी वाक्यात हिंदी शब्द घुसवत राहते.

ल आणि श यांची वळणं हा आणखी एक बारीक पण वर्गात जाणवणारा मुद्दा. शासनानं २००९ साली वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवला आहे, आणि पहिलीतली मुलं तेच गिरवतात. बऱ्याच फाँटमध्ये मात्र हिंदी वळण दिसतं. अक्षराचा युनिकोड क्रमांक एकच असतो, वळण फाँट ठरवतो. लहान वर्गांसाठी काही करायचं असेल तर नव्या फाँटमध्ये 'शाल' हा एक शब्द टाइप करून बघा, लगेच कळेल. सगळं नीट झालं की फाइल पीडीएफ करून ठेवा. फाँट तिच्यातच बसतो, आणि वर्गातल्या मशीनवर तो असो-नसो, अक्षरं बदलत नाहीत.

आकाराचं गणितही देवनागरीत कडक आहे. शेवटचा बाक पडद्यापासून सहा-सात मीटरवर असेल तर पडद्यावर पडलेल्या अक्षराची उंची शिरोरेघेपासून पायापर्यंत निदान ३ सेंटिमीटर हवी. इंग्रजी अक्षरं त्याहून लहान असली तरी वाचता येतात. मराठीत अनुस्वार, रुकार आणि उकार आधी दिसेनासे होतात, आणि मुलं 'कृपा'चं 'कपा' लिहितात. एका स्लाइडवर सहा ओळींच्या वर जाऊ नका. खात्री करायची तर वर्ग भरायच्या आधी शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून बघा.

विश्वास येतो कुठून

बांडुरांनी चार उगम सांगितले: स्वतः केलेल्या कामात आलेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, इतरांचा धीर, आणि त्या क्षणी शरीराची व मनाची अवस्था. चौघांचं वजन सारखं नाही. पहिल्याचं सर्वांत जास्त, आणि प्रशिक्षणांत नेमकं त्याच्याच वाट्याला काही येत नाही.

यश लहान असलं तरी चालेल, पण ते स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या पाठात मिळालेलं हवं. मराठीच्या शिक्षकानं सुरुवात ध्वनिमुद्रित श्रुतलेखनापासून करावी असं आम्ही सुचवू. त्याला पडदा लागत नाही, नेट लागत नाही, आणि देवनागरी टायपिंगही लागत नाही. रात्री पंखा बंद करून फोनवर पाच वाक्यं रेकॉर्ड करायची. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला धरायचा. समोर धरला तर प, फ, भ यांचा फुत्कार रेकॉर्ड होतो. प्रत्येक वाक्य तीनदा: आधी सलग, मग तुकड्यातुकड्यांनी प्रत्येक तुकड्यानंतर आठ-दहा सेकंद थांबून, आणि शेवटी पुन्हा सलग. पाच वाक्यांना पाच-सहा मिनिटं पुरतात. फाइलीला इयत्ता आणि पाठाचं नाव द्यायचं. 'नवीन रेकॉर्डिंग १४' असं नाव राहिलं तर वर्गात शोधत बसावं लागतं.

वर्गात फोन स्पीकरला तारेनं जोडा. ब्लूटूथ सोयीचं वाटतं, पण शिक्षक-खोलीत त्या स्पीकरला आधी कुणाचा तरी फोन जोडलेला असतो, आणि तुमच्या तासाला तो त्यालाच जाऊन चिकटतो. नव्या बऱ्याच फोनना हेडफोनचं गोल छिद्र नसतं, त्यामुळे जोडणीचा छोटा तुकडा पिशवीत ठेवावा. रेकॉर्डिंग सुरू झालं की बाई मोकळ्या. एरवी श्रुतलेखनाच्या वेळी त्या पुस्तक धरून पुढे अडकलेल्या असतात. आता बाकांमधून फिरताना कोण 'आणि'तला णि दीर्घ लिहितोय हे तिथेच दिसतं. हा फायदा शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून तो मनात टिकतो. चार आठवडे दर आठवड्याला एकदा एवढंच करायचं. दुसरं काही जोडायचं नाही.

दुसरी पायरी म्हणजे मुलाची वही पडद्यावर. निबंधातला एक परिच्छेद, नाव झाकून, त्या मुलाला विचारून. सगळ्यांनी मिळून त्यात विरामचिन्हं घालायची. भाषेच्या तासाला पडद्याचा याहून चांगला उपयोग आम्हाला ठाऊक नाही, ॲनिमेशनचे व्हिडिओ यापुढे फिके. फोनवर फोटो काढून तो लॅपटॉपवर घ्या आणि दाखवा. फोन थेट केबलनं प्रोजेक्टरला जोडायचा मोह होतो, पण सगळ्याच फोनच्या चार्जिंगच्या छिद्रातून चित्र बाहेर जात नाही. स्वस्त फोनांत ती सोय सहसा नसते, कितीही केबली बदलल्या तरी. हे आधी माहीत नसलं की शिक्षक दोष स्वतःकडे घेतो.

दुसऱ्याला पाहून येणारा विश्वास तो दुसरा आपल्यासारखा असेल तरच येतो. सभागृहात इंटरॲक्टिव्ह पॅनलवर, म्हणजे स्पर्शानं चालणाऱ्या मोठ्या पडद्यावर, सफाईनं हात फिरवणारा कंपनीचा प्रशिक्षक पाहून 'याला येतं, मला कसं येणार' एवढंच वाटतं. त्याच मजल्यावरच्या हिंदीच्या बाई तेच काम अडखळत, दोनदा चुकत, पण शेवटपर्यंत करतात ते पंधरा मिनिटं मागे बसून पाहिलं तर जास्त उपयोग होतो. अडखळणं दिसलं पाहिजे, आणि त्यातून त्या कशा बाहेर आल्या तेही.

धीर देण्याबद्दल थोडक्यात: व्हॉट्सॲपवरच्या 'खूप छान बाई' आणि अंगठ्यांनी काही होत नाही. 'तिसऱ्या वाक्यानंतर तुम्ही थांबा वाढवलात, तेव्हा मागच्या रांगेनंही लिहिलं' असं कुणी म्हटलं तर होतं.

घाम फुटतो तेव्हा

चौथा उगम शरीराचा. पडद्यावर 'सिग्नल नाही' आलं, मुलांची कुजबुज वाढली, छातीत धडधडलं, की माणूस त्या धडधडीचा अर्थ 'मला येत नाही' असा लावतो. उपाय आधीच करून ठेवायचा असतो. ३५ मिनिटांच्या तासिकेत जोडणीवर ७ मिनिटं गेली तर तासाचा पाचवा हिस्सा गेला. म्हणून प्लगला हात लावण्याआधी मुलांना वहीत करायचं दोन मिनिटांचं काम द्या: पाठातले पाच विशेषनाम शोधा, असं काहीही. त्या दोन मिनिटांत जमलं नाही तर पुस्तक उघडा आणि शिकवायला लागा. हा नियम स्वतःशी आधी ठरला असेल तर माघार ही हार वाटत नाही.

त्या दोन मिनिटांत क्रमानं काय बघायचं? एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण चालू आहे का. प्रोजेक्टरवर इनपुट एचडीएमआय निवडलं आहे का. केबल दोन्हीकडे काढून पुन्हा घातली का. लॅपटॉपवर विंडोज कळ धरून पी दाबल्यावर येणाऱ्या यादीत 'डुप्लिकेट' निवडलं का. चित्र आलं पण आवाज नाही, तर बहुधा एचडीएमआय लावल्याबरोबर लॅपटॉपनं आवाज प्रोजेक्टरकडे पाठवलेला असतो. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन आपला स्पीकर निवडा. बहुतेक बिघाड इतकेच असतात.

मुंबईच्या वर्गाचे स्वतःचे उपद्रव यात भर घालतात. रुळांलगतच्या किंवा मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत खिडक्या उघड्या ठेवून ध्वनिफीत ऐकवणं व्यर्थ, आणि बंद केल्या तर एप्रिलमध्ये जीव जातो. अशा वर्गात एकच मोठा स्पीकर पुढे ठेवून आवाज चढवण्यापेक्षा तो वर्गाच्या मध्यावर, बाकाच्या उंचीवर ठेवला तर कमी आवाजातही उच्चार स्पष्ट येतात. सकाळच्या पाळीत पूर्वेकडच्या खिडक्यांतून ऊन थेट पडद्यावर येतं. ३००० ते ३५०० लुमेनचा (लुमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टरही मग फिका दिसतो. पडदा शेजारच्या भिंतीवर हलवला तर पैसे न खर्चता प्रश्न मिटतो. पावसाळ्यात नेटवर्कवर विसंबणं सोडूनच द्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर घरीच स्कॅन करा आणि साहित्य उतरवून ठेवा, म्हणजे वर्गात ते नेटशिवाय उघडतं. यूट्यूबचं दुखणं वेगळं: जाहिरात, आणि व्हिडिओ संपल्यावर आपोआप सुरू होणारा पुढचा भलताच व्हिडिओ. निदान हा आपोआप सुरू होणारा भाग सेटिंगमधून बंद करा.

प्रशिक्षण झालं तरी अडतं कुठे

शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली असं मांडलं की विषय येणं आणि शिकवणं येणं यांच्या पलीकडे, 'हा विषय कसा शिकवायचा' हे एक स्वतंत्र ज्ञान आहे. पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. सोप्या भाषेत: पॅनलवर पेनाचा रंग बदलता येणं हे एक ज्ञान. समास शिकवताना विग्रहाच्या वेळी दोन पदं दोन रंगांत दाखवायची, हे सुचणं वेगळं ज्ञान. दिवसभराच्या प्रशिक्षणात पहिलं शिकवलं जातं, तेही सगळ्या विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसवून. दुसरं शिक्षकानं स्वतःच जुळवावं अशी अपेक्षा असते. सहा तासांचं एक प्रशिक्षण घेण्यापेक्षा भाषाशिक्षकांनाच घेऊन दोन-दोन तासांची तीन सत्रं, मध्ये पंधरा-पंधरा दिवस, असं ठेवावं. प्रत्येक वेळी वर्गात करून पाहिलेली एक गोष्ट आणायची.

मराठी ही सगळ्या माध्यमांच्या शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, तेव्हापासून मुंबईत ज्या वर्गात एकाही मुलाच्या घरी मराठी बोलली जात नाही अशा वर्गांतही मराठी शिकवली जाते. तिथे ऐकवणं फार मोलाचं, आणि तिथेच तंत्रज्ञान फसवतं. मराठीत 'जग बदललं' मधला ज आणि 'सुखानं जग' मधला ज वेगळे उच्चारले जातात, लिहिताना मात्र एकसारखे. मजकूर वाचून दाखवणाऱ्या यांत्रिक आवाजाला हा फरक अनेकदा कळत नाही. 'चाक', 'चमचा', 'झाड' हेही तो कधीकधी हिंदी वळणानं म्हणतो. अशा वर्गासाठी बाईंचा रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज कुठल्याही ॲपपेक्षा सरस. मुलांनी एकेकट्यानं मोठ्यानं वाचायच्या सरावाला गूगलचं रीड अलाँग हे ॲप चालतं, त्यात मराठी आहे, आणि गोष्टी उतरवून घेतल्या की नेट नसतानाही ते ऐकून चूक दाखवतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून आकलनाचे प्रश्न, रिकाम्या जागा, पत्रलेखनाचे विषय बरे मिळतात. व्याकरण आणि छंद मात्र स्वतः तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका. भुजंगप्रयात वृत्त म्हणजे चार य गण (प्रत्येक गण लघु-गुरू-गुरू), ओळीत बारा अक्षरं. उदाहरण मागितलं की साधन आत्मविश्वासानं अकरा अक्षरांची ओळ देऊ शकतं. लघु-गुरू बोटांवर मोजणाऱ्या शिक्षकाला ही चूक क्षणात सापडते. खरं तर यातून एक चांगला तास होतो: यंत्रानं दिलेली ओळ फळ्यावर लिहा आणि मुलांना गण पाडायला सांगा.

शाळेनं करायचं ते

प्रोजेक्टर डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, असतो, कपाटाची किल्ली एकाकडे असते, आणि 'बिघडला तर भरून कोण देणार' हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. शिक्षक कमी वापर करतात त्यामागे हे कारण फार मोठं आहे, आणि ते आत्मविश्वासाच्या खात्यावर चुकीनं टाकलं जातं. वर्गातल्या नेहमीच्या वापरात झालेल्या बिघाडाची भरपाई शिक्षकाकडून घेतली जाणार नाही, एवढं मुख्याध्यापकांनी लेखी दिलं तर बराच फरक पडतो. किल्ली दोघांकडे असावी. दोन पाळ्यांच्या शाळेत तर दोन्ही पाळ्यांत एकेक.

मुलांचे आवाज, फोटो किंवा वह्या बाहेरच्या ॲपवर जात असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. तो संमतीचा कागद शाळेनं जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबरच घ्यावा. हे काम एकेका शिक्षकावर सोडलं की सावध शिक्षक ॲपला हातच लावत नाहीत.

आणि वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्चमध्ये, अर्ध्या पानाचा कागद फिरवावा. प्रत्येक विधानापुढे ० ते १०० मधला आकडा: 'दऱ्या, वाऱ्या हे शब्द न अडता टाइप करू शकेन.' 'पडदा बंद पडला तर दोन मिनिटांत पुस्तकावरून तास पुढे नेऊ शकेन.' 'मुलाची वही पडद्यावर घेऊन शुद्धलेखनाची चर्चा घडवू शकेन.' 'साधनानं दिलेल्या उदाहरणातली चूक वर्गात नेण्याआधी पकडू शकेन.' ज्या विधानापुढे बहुतेकांचे आकडे वीस-तीसच्या घरात असतील, तेच पुढच्या सत्राचा विषय. कागदावर नाव नको, आणि हे आकडे कुणाच्या गोपनीय अहवालाला जोडायचे नाहीत. एकदा जोडले गेले तर मार्चमध्ये सगळेच शंभर लिहितील.